लहान मूल सांगितलेलं करत नाही? सांगताना या चुका टाळा

दीड-दोन वर्षांचं मूल सांगितलेलं करत नाही, तेव्हा दर वेळी तो हट्टीपणा नसतो. पुष्कळदा आपलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगू नका. ठोकळे रचण्यात रमलेल्या मुलाला तो नुसता आवाज वाटतो. टीव्ही बंद करा, जवळ जाऊन त्याच्या उंचीला बसा, नावाने हाक मारा. त्याने वळून बघितलं की मगच बोला.

"पसारा आवर, हात धू आणि जेवायला ये." एका दमात ही तीन कामं झाली, आणि 'पसारा आवर' म्हणजे नेमकं काय, हे त्याला कळतही नाही. "बॉल टोपलीत टाक" हे कळतं. सव्वा वर्षाच्या सुमारास मूल बोट दाखवून सांगितलेलं एक काम करतं. दीड वर्षाची बहुतेक मुलं खुणेशिवायही करतात. "बॉल ठेव आणि दार लाव" अशी जोडकामं जमायला अडीच वर्षं उजाडतात.

सगळ्यात नडते ती आपली घाई. "चप्पल घाल. अरे, घाल ना! पायात घाल लवकर!" शब्द बदलले की मुलाला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. एकदा सांगा आणि मनात दहा आकडे मोजा. ही शांतता आपल्यालाच जड जाते, पण तेवढ्यात मूल हलायला लागतं. नाहीच हललं, तर तेच शब्द एकदा म्हणा आणि त्याचा हात धरून चप्पल घालून घ्या. मग लगेच म्हणा, "चप्पल घातलीस!" नुसत्या 'शाब्बास'ने कशाबद्दल ते कळत नाही.

"पळू नको" यातलं 'नको' शेवटी येतं, तोवर पाय सुटलेले असतात. शिवाय पळायचं नाही तर काय करायचं, हे त्यात नाहीच. "माझा हात धर" म्हणा.

"आंघोळीला येतोस का?" असं विचारलंत तर "नाही" हे उत्तर ऐकून घ्यावं लागेल. "चल, आंघोळ. लाल टॉवेल की निळा?"

झोपेला आलेल्या किंवा भुकेल्या मुलाला नवीन काही शिकवू नका.

एवढं करूनही दीड वर्षाचं मूल खुणेने सांगितलेलं साधं काम करत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा आधी येणारे शब्द बोलेनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकू कमी येतं, आणि मुलाला ते सांगता येत नाही.