थंडीतली अंडीघट आणि एच९एन२ ची लस

थंडीत शेडचे पडदे खाली आले की आत अमोनिया कोंडतो, कोंबड्या शिंकू लागतात आणि अंडी घटतात. बहुतेक जण लगेच मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं, नाव घेतात. पण ते एच९एन२, म्हणजे सौम्य बर्ड फ्लूही असू शकतो, नाहीतर आयबी (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, हाही कोंबड्यांचा विषाणूजन्य श्वसनरोग). नुसतं बघून ओळखता येत नाही. अंदाजाने अँटिबायोटिक पाजण्यापेक्षा पशुवैद्यकांमार्फत नमुने पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत पाठवावेत.

एच९एन२ वर देशी लस आता आहे. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने ती तयार केली आणि २०२२ मध्ये तंत्रज्ञान चार कंपन्यांना दिलं. ही लस किल्ड, म्हणजे मारलेल्या विषाणूची आहे, त्यामुळे मानमोडीवरच्या लासोटा लसीसारखी पाण्यातून देता येत नाही. एकेक पक्षी धरून टोचावी लागते. अंड्यावर आलेल्या कोंबड्या धरपकडीने बिचकतात आणि अंडी आणखी घटतात, म्हणून लस तलंगांनाच (अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांना) द्यावी, अंडी सुरू व्हायच्या काही आठवडे आधी. आजार शिरल्यावर टोचून उपयोग नाही.

किल्ड लसी बहुधा तेलातल्या असतात. त्या २ ते ८ अंशांत ठेवा. फ्रीजरमध्ये गोठली की तेल-पाणी वेगळं होतं. अशी बाटली सरळ फेकून द्या, कितीही महाग असो. टोचण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि हलवत राहा. मात्रा व जागा लेबलवर असते तीच. सुई वरचेवर बदला.

नवी लस घेतली म्हणून लासोटा चुकवू नका. माझ्या मते निम्मं नुकसान तिथेच होतं: लासोटा ही लाइव्ह, म्हणजे जिवंत विषाणूची लस; ती नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात घातली की विषाणू मरतो आणि आपण फक्त पाणी पाजतो. विहिरीचं स्वच्छ पाणी घ्या, लिटरला अडीच ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर आधी मिसळा, पक्षी तासभर तहानलेले ठेवा आणि दोन तासांत पाणी संपेल एवढंच भरा. सकाळी लवकर, उन्हाआधी.

एच९एन२ ची लस एच५एन१ पासून, म्हणजे जीवघेण्या बर्ड फ्लूपासून, वाचवत नाही. २००६ मध्ये नवापुरात आला होता तो हाच एच५एन१. एकाएकी पक्षी पटापट मरू लागले तर शवविच्छेदन स्वतः करू नका, माल बाहेर काढू नका. आधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करा.