मराठी प्रबंध वर्डमध्ये नीट कसा बसवायचा

परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत माझ्याकडे प्रबंध आणि प्रोजेक्ट रिपोर्ट प्रिंटला येतात, आणि दहातल्या आठ फायलींचं दुखणं एकच असतं. मागच्या वर्षी एक मुलगी आली, एमएचा प्रबंध, १४० पानं, दुसऱ्या दिवशी सबमिशन. गाईडनी तिसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढवायला सांगितलेले, तिने ते वाढवले आणि पुढचं सगळं घसरलं. चौथ्या प्रकरणाचं शीर्षक पानाच्या तळाशी जाऊन बसलं, तक्ता मधूनच तुटला, आणि अनुक्रमणिकेतले आकडे हाताने टाइप केलेले असल्यामुळे एकही जुळेना. प्रत्येक ओळीत शीर्षक, मग टिंब टिंब टिंब, मग आकडा. ती रात्री दीड वाजेपर्यंत माझ्या शेजारी बसून आकडे बदलत होती, मला फार वाईट वाटलं, कारण ही मेहनत करायची गरजच नव्हती.

तर पहिलं काम, टाइप करायच्या आधी स्टाइल लावायला शिका. आपण काय करतो, शीर्षक सिलेक्ट करतो, बोल्ड करतो, साइज १८ करतो, मध्यभागी आणतो, आणि हेच पुढच्या तीस शीर्षकांना परत परत. वर्डला त्यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी ती नुसती जाड अक्षरं. त्याऐवजी होम टॅबवर स्टाइल्सचा डबा असतो त्यातलं हेडिंग १ प्रकरणाच्या नावाला लावा (कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलं तरी चालतं), पोटशीर्षकाला हेडिंग २. दिसायला निळं आणि परकं वाटेल, घाबरू नका, हेडिंग १ वर राइट क्लिक, मॉडिफाय, आणि तिथे रंग साइज फॉन्ट काय हवं ते एकदाच ठरवा, सगळी प्रकरणं एकदम बदलतात. तिथेच खाली फॉरमॅट, पॅराग्राफ, लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये 'पेज ब्रेक बिफोर' वर टिक करा म्हणजे प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होतं, एंटर दाबत दाबत खाली जायला नको.

आता मराठीवाल्यांची खास अडचण, जी इंग्रजीतल्या व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉन्ट आणि साइज वेगळी लक्षात ठेवतं. म्हणून तुम्ही स्टाइलमध्ये साइज १४ करता, इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी जागच्या जागी. मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट उघडलं की खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा भाग दिसतो, मराठीचा फॉन्ट आणि साइज तिथे भरा. तो भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा, वर्ड बंद करून परत उघडा. लिब्रेऑफिस वापरत असाल तर टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करावं लागतं, मग तिथेही मराठीचा फॉन्ट वेगळा देता येतो.

फॉन्ट युनिकोडच हवा, म्हणजे ज्यात टाइप केलेलं मराठी कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसतं तो. निर्मला विंडोजवर बहुतेक असतोच, मंगल आणि कोकिळा काही कॉम्प्युटरवर वेगळे जोडावे लागतात, 'नोटो' आणि 'मुक्त' हे फॉन्ट फुकट मिळतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर असेल तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि करून झाल्यावर एकदा पूर्ण वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. नाहीतर ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे तुमचा प्रबंध म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, आणि शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही.

ओळींमधलं अंतर, हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. लाइन स्पेसिंगमध्ये 'एक्झॅक्टली' कधीही निवडू नका. इंग्रजी अक्षरं त्यात मावतात, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे 'सर्वांगीण' मधला रफार आणि टिंब वरून कापले जातात आणि 'कुटुंब' चे उकार पुढच्या ओळीत घुसतात. दीड किंवा 'मल्टिपल' घ्या. तसंच अक्षरांमधलं अंतर वाढवून शीर्षक भारदस्त करायला जाऊ नका, शिरोरेषा तुटते. अंडरलाइन उकारांवरून जाते म्हणून तीही टाळा. आणि तिरकं अक्षर देवनागरीत मुळात शोभत नाही, जोर द्यायचा तर बोल्ड पुरे.

सगळं लावलं तरी काहीतरी विचित्र दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा, लपलेली चिन्हं दिसतात. तिथे एका ओळीखाली सहा एंटर किंवा शब्दांमध्ये दहा स्पेस दिसल्या की दुखणं सापडलं. परिच्छेदांमधलं अंतर एंटरने नाही, पॅराग्राफ सेटिंगमधल्या 'आफ्टर' ने द्यायचं. दुसरीकडून पेस्ट केलेला मजकूर बिघडवत असेल तर पेस्ट करतानाच 'कीप टेक्स्ट ओन्ली' घ्या.

कागद ए४ आहे का हे पहिल्याच दिवशी बघा, कारण बऱ्याच कॉम्प्युटरवर अमेरिकन लेटर साइज सेट असते आणि ती शेवटी बदलली की सगळी पानं हलतात. बायंडिंगसाठी डावीकडे जास्त समास लागतो, बरेच जण दीड इंच ठेवतात, पण तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते बघा आणि तेच पाळा.

पान नंबरांचं एक कोडं असतं, सुरुवातीच्या पानांना रोमन आणि पहिल्या प्रकरणापासून १. यासाठी पहिल्या प्रकरणाच्या आधी लेआउट, ब्रेक्स, सेक्शन ब्रेकमधलं नेक्स्ट पेज टाका. मग पानाच्या तळाशी फुटरवर, म्हणजे जिथे पान नंबर येतो त्या पट्टीवर, डबल क्लिक करून 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा, हे विसरलं की दोन्हीकडे एकच होतं आणि लोक डोकं धरून बसतात, आणि फॉरमॅट पेज नंबर्समध्ये 'स्टार्ट अॅट' १ करा.

तक्त्याची पहिली ओळ सिलेक्ट करून टेबलच्या लेआउटमध्ये 'रिपीट हेडर रोज' दाबा, तक्ता दुसऱ्या पानावर गेला की मथळा परत येतो. तक्त्यातला मजकूर डावीकडेच ठेवा, जस्टिफाय केला की लांब मराठी शब्दांमुळे मध्ये मोठे खड्डे पडतात. 'पृ. २५' किंवा 'डॉ.' नंतरचं नाव ओळीच्या शेवटी तुटू नये म्हणून मध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस.

मग अनुक्रमणिका. रेफरन्सेस, टेबल ऑफ कन्टेन्ट्स, हवा तो नमुना निवडा, सगळी हेडिंग्ज आकड्यांसकट तयार. पुढे काहीही बदललं तरी तिच्यावर क्लिक करून एफ९ आणि 'अपडेट एन्टायर टेबल'. त्या मुलीचा प्रबंध मी शेवटी असाच करून दिला, हेडिंग लावायला चाळीस मिनिटं गेली आणि अनुक्रमणिका दोन क्लिकमध्ये आली. तिची रात्र मात्र त्याआधीच गेली होती.

प्रिंटला देताना एफ९ दाबून झालं की मगच पीडीएफ करा आणि तीच फाइल पेनड्राइव्हवर घ्या, वर्डची नको, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट वेगळा असला की ओळी परत हलतात. ती पीडीएफ घरीच उघडून प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पान अनुक्रमणिकेशी लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.