उचलण्याआधी हात दाखवा

फोंड्यात पाळणाघर चालवते. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, बदलायचे मात्र सारखे, आणि मग हातांना घाई सुटते. बाळ मागूनच उचललं, पुसलं, गुंडाळलं, पुढचं आण. त्या पाच मिनिटांत बाळाकडे कुणी बघतच नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

आता आमच्याकडे एकच नियम. बाळासमोर बसायचं, नजर मिळू द्यायची, दोन्ही हात पुढे करून विचारायचं, "घेऊ तुला?" आणि थांबायचं. मनात दहापर्यंत मोजा. सुरुवातीला हे दहा आकडे संपता संपत नाहीत! पण तान्ह्या बाळाला समजून अंग सावरायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आमची आठ महिन्यांची एक मुलगी आता हात बघितले की आधी पायाची बोटं ताणते, मग खांदे पुढे करते.

बुडापेस्टमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या बालसंगोपनगृहात अंघोळ, भरवणं, कपडे बदलणं हीच नात्याची खरी वेळ मानत.

ओलं फडकं आधी पायाला टेकवा, "गार लागेल हां" म्हणा. दुसरं बाळ रडलं तर लांबूनच "आले हां" सांगा, हातातलं अर्धवट टाकू नका. शक्यतो त्या बाळाला रोज तीच टीचर असू दे.

तिजण, म्हणजे नाचणीची पातळ खीर, भरवतानाही तसंच. चमचा ओठांजवळ धरा, तोंड उघडेपर्यंत थांबा. मान वळवली तर वाटी बाजूला ठेवा.