तबल्याचा हात जॅझच्या ठेक्यावर कसा बसवावा

माझ्याकडे सांगलीत ड्रम शिकायला येणारी बहुतेक मुलं तबला नाहीतर ढोलकी वाजवून आलेली असतात. हात तयार असतो, रोल, म्हणजे दोन्ही हातांनी सलग जलद ठोके, झकास निघतो. पण जॅझ शिकायचाय म्हटलं, की मी आधी रोल बंद करायला लावतो. जॅझमध्ये ड्रमरचं पहिलं काम ठेका धरणं, आणि तो ठेका राइड सिंबलवर, म्हणजे सेटमधल्या मोठ्या झांजेवर असतो.

तो तिथे कसा गेला हे कळायला केनी क्लार्क हा अमेरिकन जॅझ ड्रमर माहीत हवा. पिट्सबर्गचा, जन्म १९१४. त्याच्या आधी ड्रमर चारही मात्रा पायाने बेस ड्रमवर ठोकत. क्लार्कने लय राइडवर नेली आणि पाय मोकळा केला, सोलो वाजवणाऱ्याला मध्येच दाद द्यायला. टेडी हिलच्या बँडमधून याच वाजवण्यापायी त्याची नोकरी गेली. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममधला मिंटन्स प्लेहाउस हा क्लब हिल चालवायला लागला, तेव्हा त्यानेच १९४०च्या सुमारास क्लार्कला बोलावून घेतलं. पियानोवर थेलोनियस मंक, आणि रात्री ट्रंपेटवाल्या डिझी गिलेस्पीसारखे वाजवायला यायचे. बीबॉप हा जॅझचा नवा, वेगवान प्रकार तिथे घडला. १९५६मध्ये क्लार्क फ्रान्सला गेला आणि तिथलाच झाला.

आता स्टिक घ्या. राइडच्या मधल्या घुमटीपासून कडेपर्यंतच्या साधारण निम्म्यात टोक पडू द्या आणि उसळू द्या. मूठ आवळली की आवाज मेला. तोंडाने म्हणा: टिंग, टिंग-क, टिंग, टिंग-क. या चार मात्रा. प्रत्येक मात्रेची तिस्र जात धरा, म्हणजे तिचे तीन सारखे भाग. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेत पहिला आणि तिसरा भाग वाजवा, मधला गाळा. दादरा हातात असेल तर हे पटकन कळतं. लय वाढेल तसा तो 'क' आपोआप सरकून मात्रेच्या मध्याकडे येतो. त्याला ओढून धरू नका.

डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, फक्त दोन आणि चार या मात्रांवर. इथे आपल्याकडची पोरं अडतात, कारण आपला कान समेकडे धावतो. उपाय एकच: लय मिनिटाला १२० मात्रांची हवी असेल तर मोबाइलवरचा मेट्रोनोम ६०वर लावा आणि त्याची टिक म्हणजे दोन आणि चार असं समजून 'एक' स्वतः धरा. सुरुवातीला डोकं भणभणतं. हे जमल्याशिवाय मी डाव्या हाताला स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर काही देत नाही.

बेस ड्रमवर चारही मात्रा वाजवा, पण इतक्या हलक्या की शेजारी बसलेल्याला जाणवाव्यात, वेगळ्या ऐकू येऊ नयेत. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर ड्रमला आतून जुनी गोधडी लावा, बाकी सराव पॅडवर.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याचं नाव सगळीकडे आहे, २०२४मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. राइड मात्र बाहेरूनच आणावी लागते. वीस इंची, फार जड नसलेली घ्या, आणि वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जड राइड मोठ्या स्टेजवर बरी. जॅझमध्ये तिचा नुसता खणखणाट होतो.

मग आवर्तन. पुष्कळशी जुनी गाणी ३२ बारची असतात (बार म्हणजे इथे चार मात्रा), आठ-आठचे चार भाग, तिसऱ्याची चाल वेगळी. ती मनात गात राहा. सोलोवाला कुठेही भटकू दे, तुम्हाला सम माहीत हवी. सोलोवाला आणि ड्रमर चार-चार बार आळीपाळीने वाजवतात, तो सरळ सवाल-जबाब. तिहाई तिथे खुशाल टाका, पण चौथा बार संपताना उतरा.

तबला सोडू नका. शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक गुर्टू तबला आणि ड्रम एकत्र मांडून गिटारवाल्या जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर वाजला. घर चालवायला ऑर्केस्ट्रा आणि लग्नं आहेतच, त्यात कमीपणा नाही. पण रोज राइडसाठी वेळ राखून ठेवा, आणि बीबॉपचा ड्रमर मॅक्स रोच ऐकताना निदान एकदा फक्त त्याचा उजवा हात ऐका.

शेवटी कुणाबरोबर तरी वाजवा. उभा बेस वाजवणारा सांगलीत शोधत बसू नका. कीबोर्डवाल्या मित्राला डाव्या हाताने मात्रेला एक स्वर असा चालता बेस धरायला सांगा आणि त्याच्या स्पीकरजवळ बसा. बेस ऐकू येईनासा झाला, की स्टिक हलकी करा.