रात्री दोनचा स्कॅन, पाडलेला मेन स्विच: नेटवर्क डिस्कव्हरीच्या वेळापत्रकातल्या या चुका टाळा

तालुक्याच्या गावातली पतसंस्थेची शाखा संध्याकाळी सहाला बंद होते. शिपाईकाका खिडक्या लावतात, देवाच्या फोटोपुढची उदबत्ती विझली का ते बघतात आणि दाराबाहेर पडता पडता मेन स्विच पाडतात. शॉर्टसर्किटची भीती, विजेचं बिल आणि पावसाळ्यातल्या कडाडणाऱ्या विजा, तिन्ही कारणं खरी आहेत. अशा शाखेत रात्री दोनला लावलेल्या डिस्कव्हरी स्कॅनला काय सापडणार? इन्व्हर्टरवर चालणारा राउटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि त्यावरचे दोन कॅमेरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशा एका शाखेची यादी माझ्या हाती आली तेव्हा तिच्यात ४ उपकरणं होती. मी जाऊन टेबलांखाली वाकून मोजली, तर १९ भरली. त्या चारच्या यादीवर वर्षभर अँटिव्हायरसचे परवाने घेतले जात होते.

डिस्कव्हरी स्कॅन म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक पत्त्याला हाक मारायची आणि कोण ओ देतं ते लिहून ठेवायचं. हाक मारली तेव्हा जो घरातच नव्हता, तो ओ देणार नाही. म्हणून या कामात टूल कोणतं घेतलं यापेक्षा हाक केव्हा मारली याला जास्त महत्त्व आहे, आणि सगळ्यात जास्त चुका नेमक्या तिथेच होतात.

वेळ दुसऱ्याच्या घड्याळाची

रात्री दोन ही वेळ मोठ्या शहरांतल्या डेटा सेंटरची. तिथले सर्व्हर झोपत नाहीत आणि रात्री वर्दळ कमी असते, त्यामुळे तिथे ती शोभते. आपल्याकडे वेळ ठरवण्याआधी त्या जागेचा दिवस पाहावा लागतो. लाइन (वीज) केव्हा असते, माणसं केव्हा येतात, मशीन केव्हा सुरू होतं, आठवडी बाजार कोणत्या वारी असतो. पतसंस्थेसाठी मी सव्वाअकरा ही वेळ धरतो. तोवर सगळे संगणक सुरू झालेले असतात आणि सकाळची गर्दी थोडी ओसरलेली असते. बाजाराच्या दिवशी मात्र स्कॅन ठेवतच नाही. त्या दिवशी काउंटरपुढे आजूबाजूच्या दहा गावांची माणसं उभी असतात आणि शाखेचं इंटरनेट एका सिमच्या राउटरवर चाललेलं असतं. त्याच्यावर आपलं ओझं टाकायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.

रात्रीचा स्कॅन अगदी काढूनही टाकू नका. आठवड्यातून एकदा रात्री आणि रोज एकदा दिवसा, अशा दोन याद्या शेजारी ठेवल्या की रात्री जे बंद असायला हवं ते सुरू राहिलेलं चटकन दिसतं. एकदा याच पद्धतीने मला शाखेत कुणालाच माहीत नसलेला एक वाय-फाय राउटर सापडला. कॅमेरे बसवायला आलेल्या माणसांनी तो छताच्या पत्र्याखाली विसरला होता आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता.

वेळेतलीच आणखी एक चूक फार लवकर ध्यानात येत नाही. स्कॅनचा सर्व्हर क्लाउडवर असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. तुम्ही साडेदहा लिहिता, स्कॅन सुरू होतो दुपारी चारला. मग ‘सकाळी सगळं चालू असूनही यादी अर्धी का’ यावर आठवडा जातो. वेळापत्रकात टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ लिहिलाय का ते आधी बघा.

लाइन आली की लगेच धावू नका

ग्रामीण विदर्भात लाइन जाणं आणि येणं गृहीतच धरावं लागतं. ती आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं नेटवर्क अर्धवट जागं असतं. रेकॉर्डर सुरू व्हायला वेळ घेतो, संगणक कुणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच राहतात, आणि स्वस्त राउटर कुणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरून पत्ते पुन्हा वाटायला बसतो. या गोंधळात चाललेला स्कॅन अर्धी यादी देतो, आणि टूल उरलेल्यांना ‘गायब’ म्हणून मेल पाठवतं. अशा पंधरा मेलनंतर सोळावा खरा मेलही कुणी उघडत नाही. सुरू झाल्यावर २० मिनिटं थांबायचं, हे स्कॅनच्या पेटीला (स्कॅन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) सांगून ठेवा. उपकरण सलग तीन स्कॅनमध्ये दिसलं नाही तरच मेल जाऊ द्या.

या पेटीसाठी बरेच जण रास्पबेरी पाय वापरतात, मीही वापरतो. पण पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. लाइन गेली की वेळ तिथेच थांबते, आणि परत आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत पेटी जुन्याच वेळेत जगते. इंटरनेटही गेलेलं असेल तर मंगळवारचा स्कॅन सोमवारच्या तारखेने नोंदला जातो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. आणि लाइन नसल्याने चुकलेला स्कॅन क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्राम) स्वतःहून नंतर चालवत नाही. त्याऐवजी सिस्टमडी टायमर वापरून त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू केलं तर चुकलेली पाळी लाइन आल्यावर भरून निघते.

काटा बंद पडला तो दिवस

पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमधली (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातली) ही गोष्ट. डिसेंबरचा दिवस, सकाळचे साडेअकरा. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. वजनकाट्यावरच्या दादांचा फोन आला, “भाऊ, इंडिकेटरवर आकडा दिसून राहिला, पण कम्प्युटरमध्ये येऊनच नाही राहिला. गाडीवाले ओरडून राहिले ना जी.”

काट्याचा इंडिकेटर सिरीयल केबलने वजन पाठवतो. ती केबल तळहाताएवढ्या एका कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तिथून वजन नेटवर्कवरून संगणकात पोचतं. हा कन्व्हर्टर एका वेळी एकच जोडणी धरतो, आणि नवी आली की जुनी सोडून देतो. आदल्या संध्याकाळी मी स्कॅनच्या सेटिंगमध्ये ‘कोण आहे’ याच्या जोडीला ‘कोणते पोर्ट (जोडणीची दारं) उघडे आहेत’ हेही चालू केलं होतं. स्कॅनने कन्व्हर्टरच्या पोर्टवर जाऊन दार ठोठावलं, कन्व्हर्टरने काट्याच्या सॉफ्टवेअरचा हात सोडला, आणि ते सॉफ्टवेअर पुन्हा जोडणी मागायला शिकलेलंच नव्हतं. कन्व्हर्टर बंद-चालू करून सॉफ्टवेअर नव्याने उघडेपर्यंत पाऊण तास काटापट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या. रांगेतल्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांच्या गाड्या भाड्याच्या होत्या. माझ्या एका टिकमुळे त्यांचा पाऊण तास गेला. हे मला अजून लागून राहिलंय, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

म्हणून पहिला स्कॅन लावण्याआधी वगळायची यादी करा. ती टेबलावर बसून होत नाही, आवारात फिरूनच करावी लागते. काट्याचा कन्व्हर्टर, प्रेसचा पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक), अंगठा लावायचं हजेरीचं मशीन, जुना प्रिंटर, ही मंडळी तिच्यात आलीच. यांची नोंद हाताने करा आणि ती जिवंत आहेत का हे राउटरच्या एआरपी तक्त्यातून (कोणत्या पत्त्यावर कोणतं उपकरण आहे याच्या त्याच्याकडच्या नोंदीतून) बघा. म्हणजे त्यांना कुणी हात न लावताही कळतं.

प्रिंटरचं थोडं वेगळं आहे. नेटवर्क प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर आलेलं काहीही छापायच्या तयारीत बसलेला असतो. स्कॅनने तिथे ‘तू कोण’ असं विचारलं की तो प्रश्नच कागदावर उतरतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांची एक ओळ आणि खाली सगळं कोरं, अशा पानांचा गठ्ठा सकाळी ट्रेमध्ये दिसला तर प्रिंटर बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलवू नका, स्कॅनचं वेळापत्रक उघडा. एनमॅप (स्कॅनचं एक टूल) सर्व्हिस ओळखताना ९१०० ते ९१०७ हे पोर्ट स्वतःहून सोडून देतो. सगळीच टूल्स इतकी जपून वागत नाहीत.

वेगाचंही तसंच. एनमॅपमध्ये वेगाच्या ० ते ५ अशा ६ पायऱ्या आहेत आणि काही सांगितलं नाही तर तो ३ धरतो. टॉवरवरून येणाऱ्या रेडिओ लिंकवर किंवा सिमवर चालणाऱ्या शाखेत २ ठेवा. वेळ जास्त लागेल, लागू द्या.

हंगाम संपला म्हणजे उपकरण मेलं नाही

ही चूक कापसाच्या मुलुखातली खास. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागतो, उन्हाळा लागेपर्यंत जिनिंग धडधडते, आणि पावसाळ्यात फाटकाला कुलूप असतं. बऱ्याच डिस्कव्हरी टूल्समध्ये मात्र ‘इतके दिवस दिसलं नाही तर काढून टाका’ असा नियम असतो, आणि तो ३० दिवसांवर ठेवला असेल तर जूनपर्यंत अख्खी जिनिंग यादीतून पुसली जाते. दुरुस्तीच्या नोंदी, कोणतं उपकरण कोणत्या खोलीत आहे, वॉरंटी कधी संपते, सगळं त्यासोबत जातं. मग ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी ‘४० नवीन अनोळखी उपकरणं’ असा इशारा येतो आणि त्या गर्दीत खरोखरचं अनोळखी एखादं उपकरण बिनबोभाट आत येतं.

काढून टाकण्याची मुदत ३६५ दिवसांच्या पुढे न्या. जिनिंग, शाळा, संत्र्याचं पॅकिंग सेंटर अशा जागांना ‘हंगामी’ असं लेबल लावा आणि बंद काळात त्यांचे इशारे थांबवा. हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, साफसफाईला माणसं येतात तेव्हा, सगळं सुरू करून एक स्कॅन हाताने चालवा. काय बिघडलंय ते त्या दिवशीच कळतं, रांग लागल्यावर नाही.

पत्ता म्हणजे ओळख नव्हे

यादी आयपी पत्त्यावर बांधली तर डीएचसीपी (राउटरची पत्ते वाटायची सोय) पत्ते बदलतं तेव्हा काल प्रिंटर असलेली नोंद आज कॅमेरा होते. ओळख मॅक पत्त्यावर, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर ठेवा. पण मॅक पत्ता राउटरच्या पलीकडून दिसत नाही. मुख्य कार्यालयात बसून शाखेचं नेटवर्क स्कॅन केलं तर फक्त आयपी मिळतील, म्हणून प्रत्येक शाखेत एक छोटी पेटी हवी. पेटी तिथेच असली की एआरपीने विचारता येतं. विंडोजचं फायरवॉल पिंगला (‘आहेस का’ या साध्या हाकेला) गप्प बसवतं, तरी एआरपीला त्या संगणकाला उत्तर द्यावंच लागतं. नुसत्या पिंगवर भरवसा ठेवला की सुरू असलेले संगणकही यादीतून सुटतात ते यामुळेच.

कर्मचाऱ्यांचे फोन वेगळे मोजा. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला खोटा मॅक पत्ता देतात. त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं, त्यावरून ते वेगळे काढता येतात. नाहीतर महिनाभरात यादी फोनांनीच भरते.

रेंजची चूक थोडक्यात सांगतो. एका शाखेला २५४ पत्ते पुरून उरतात. कुणी तरी ‘सगळंच असू द्या’ म्हणून १० ने सुरू होणारी पूर्ण रेंज टाकतं. ते १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते झाले. एकामागून एक, प्रत्येकाला एक सेकंद धरला तरी १९४ दिवस. तोवर दर तासाला नवा स्कॅन सुरू होत राहतो, एकावर एक चढतो आणि पेटी गुदमरते. मागचा संपल्याशिवाय पुढचा सुरू होणार नाही अशी कडी लावा. क्रॉनसोबत फ्लॉक नावाची आज्ञा हेच काम करते.

स्कॅनमध्ये विंडोजचा पासवर्ड भरला असेल तर पासवर्ड बदलल्या दिवशी तिथेही बदला. नाहीतर स्कॅन प्रत्येक संगणकावर जुना पासवर्ड ठोकत जातो, खातं लॉक होतं आणि व्यवस्थापकांना सकाळी लॉगिन करता येत नाही. एसएनएमपीचा (उपकरणांची माहिती विचारायच्या पद्धतीचा) ‘पब्लिक’ हा आधीपासून ठेवलेला पासवर्डसारखा शब्द आजच बदला. आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय कुणाच्याही नेटवर्कला हात लावू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी प्रवेशाची भरपाई द्यावी लागते.

यादी अचानक निम्मी आली तर

आधी चौकीदाराला फोन करून लाइन आहे का ते विचारा. निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं. लाइन असेल तर पेटीतली तारीख आणि वेळ बघा. तीही बरोबर असेल तर गायब झालेली उपकरणं एकाच नेटवर्क स्विचवरची (केबली जोडायच्या पेटीवरची) आहेत का ते पाहा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमधला स्विच दुपारी अडकतो आणि संध्याकाळी आपोआप सुटतो. त्या दिवसांत त्याच जागेचा स्कॅन सकाळी आणि दुपारी तीनला घेऊन ताडून बघा. हेही नसेल तर वगळायच्या यादीत कुणी अख्खी रेंज टाकली नाही ना, ते तपासा.

एवढं करूनही सापडलं नाही तर गाडी काढा. सोबत मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर घ्या. जिनिंगमधल्या स्विचच्या पोर्टांत रुईचे तंतू गच्च बसतात, आणि सरकीच्या गोदामातून जाणाऱ्या केबलवर उंदरांचे दात हटकून सापडतात.