बर्लिनमध्ये रात्री किंवा रविवारी बस चुकते? या चुका टाळा

रविवारी मित्राकडे गणपतीची आरती, मग मोदक, मग गप्पा आणि रात्री दीडला आम्ही यू-बानच्या (इथल्या भुयारी मेट्रोच्या) बंद दाराशी, कारण डोक्यात एकच की काल तर गाडी रात्रभर होती! होतीच, पण काल शनिवार होता.

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. यू-बान रात्रभर चालते ती फक्त शुक्रवारी, शनिवारी आणि सरकारी सुट्टीच्या आदल्या रात्री (यू4 तेव्हाही नाही, ती तशीही पिटुकली लाइन आहे). बाकी रात्री साधारण 1 ते साडेचार बंद, आणि त्याच मार्गावर वरून बस जाते, यू2 च्या जागी एन2, यू7 च्या जागी एन7, दर अर्ध्या तासाने. म्हणजे नंबर तोच, फक्त अक्षर बदलतं, आणि खाली प्लॅटफॉर्मवर ताटकळू नका, वर रस्त्यावर हिरवा एच असलेला पिवळा गोल, म्हणजे बस स्टॉपची पाटी शोधा.

दुसरं, साधा तीन आकडी नंबर बघून "ही आपली रोजची बस" म्हणून मध्यरात्री थांबणं. त्यातल्या बहुतेक तोवर झोपलेल्या असतात. आकड्याआधी एम असेल, एम29, एम48 वगैरे, तर ती चोवीस तास, रविवारीसुद्धा. घर बघताना भाड्याआधी मी हेच बघते, हसा खुशाल.

स्टॉपवरचा कागद वाचताना रकाना नीट बघा: मोंटाग ते फ्रायटाग (सोमवार ते शुक्रवार), झामस्टाग (शनिवार), झोनटाग (रविवार). शेवटच्यात बरेचदा "उंड फायरटाग" (आणि सुट्टी) पण असतं, म्हणजे मंगळवारी सुट्टी आली तरी रविवारचीच वेळ. आणि सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या, 8 मार्चला बर्लिनमध्ये 2019 पासून सुट्टी आहे, म्युनिकला नाही, त्यामुळे तिकडच्या मैत्रिणीला विचारून उपयोग नाही. दिवाळीला अर्थातच त्या वाराचाच टाइमटेबल.

मिनिटाच्या आकड्याला चिकटून बारीक अक्षर असेल तर खालची टीप वाचाच, ती बस बरेचदा अर्ध्या वाटेतच संपते, ड्रायव्हर सगळ्यांना उतरवतो आणि आपण थंडीत.

आणि अ‍ॅपमध्ये तारीख! रात्री 12 नंतरचं शोधताना पुढचा दिवस टाकायचा, नाहीतर कालचीच बस दिसते.