नफा मायदेशी नेताना या चुका टाळा

परक्या देशात कंपनी काढायची, माल विकायचा, कर भरायचा आणि उरलेला नफा मायदेशी न्यायचा. पहिली तीन कामं नीट झाली की चौथं आपोआप होतं, असं अनेक जण धरून चालतात. माझी निम्मी नोकरी या चौथ्या कामाच्या फायलींमध्ये गेली. पैसे अडकल्यावर धावपळ सगळेच करतात, पण बहुतेक चुका त्याआधी, कधीकधी पैसे आणतानाच, झालेल्या असतात.

‘कायद्यात मुभा आहे’ यावर थांबणं

नफा बाहेर नेण्यात दोन कामं असतात. स्थानिक चलन देऊन डॉलर किंवा युरो मिळवणं हे एक, आणि ते सीमेपार पाठवणं हे दुसरं. कायदा दोन्हींना परवानगी देतो, पण मध्यवर्ती बँकेच्या गंगाजळीत डॉलरच नसतील तर ती परवानगी कागदावरच राहते. व्हेनेझुएलात विमान कंपन्यांनी तिकिटं बोलिव्हार या तिथल्या चलनात विकली आणि डॉलरसाठी अर्ज केले. 2014 पर्यंत त्यांचे सुमारे 4 अब्ज डॉलर तिथे अडकले होते. नायजेरियात जून 2023 मध्ये हाच आकडा 81 कोटी 20 लाख डॉलर होता. त्यापायी एमिरेट्सने 2022 मध्येच तिथली उड्डाणं थांबवली होती.

म्हणून कायदा वाचून झाला की गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल ते पाहा. अधिकृत दर आणि समांतर (बँकेबाहेरच्या) बाजारातला दर यांतलं अंतर पाहा. आणि तिथे आधीपासून असलेल्या दोन-तीन कंपन्यांना सरळ विचारा, ‘मागचा लाभांश बँकेतून निघायला किती आठवडे लागले?’ या एका प्रश्नाचं उत्तर मला जाडजूड अहवालांपेक्षा जास्त उपयोगी पडलं आहे. टंचाईच्या काळात रांगेत आपल्या पुढे औषधं आणि इंधन असतं. ते असायलाच हवं. आपला नफा मागे राहणार हे गृहीत धरूनच आखणी करावी.

पैसे आणताना नोंद न करणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. चलननियंत्रण असलेल्या अनेक देशांत बँक पहिला प्रश्न विचारते तो हा की भांडवल आलं तेव्हा त्याची नोंद झाली होती का. नायजेरियात भांडवल आल्यावर बँक 24 तासांत ‘भांडवल आयात प्रमाणपत्र’ देते. ते नसेल तर पुढे अधिकृत बाजारातून डॉलर मागता येत नाहीत.

माझ्याकडे आलेली एक फाइल सांगतो. कंपनीने भांडवलाचा साधारण अर्धा भाग रोख पाठवला होता आणि अर्धा यंत्रांच्या रूपात. रोख रकमेची नोंद झाली. यंत्रं मात्र बंदरातून साधी आयात म्हणून सोडवून घेतली, कारण त्या दिवशी सगळ्यांना कारखाना सुरू करायची घाई होती. चार वर्षांनी पहिला लाभांश जाहीर झाला. बँकेच्या अधिकाऱ्याने प्रमाणपत्रावरच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाला, ‘लाभांश एवढ्याच भांडवलावरचा जाईल.’ जहाजाची बिल्टी, सीमाशुल्काची पावती, किमतीचा दाखला, सगळं शोधून नव्याने नोंद करून घ्यायला आम्हाला चौदा महिने लागले. तोवर त्या देशाचं चलन घसरत होतं.

उपाय साधा आहे. रोख, यंत्रं, तंत्रज्ञान, मूळ कंपनीचं कर्ज, जे जे बाहेरून येईल त्याची नोंद येतानाच करा. कंपनीचं नाव बदललं किंवा भागधारक बदलला तर प्रमाणपत्रही लगेच बदलून घ्या. मूळ प्रती एका जागी ठेवा आणि त्यांची जबाबदारी एका माणसावर ठेवा.

नफा आणि भांडवल एकाच तागडीत तोलणं

‘त्या देशाने पैसे रोखले’ अशी बातमी आली की लोक घाबरून सगळंच थांबवतात. आधी काय रोखलं आहे ते पाहा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या करारात चालू व्यवहार आणि भांडवली व्यवहार वेगळे धरले आहेत. व्याज आणि गुंतवणुकीवरचं निव्वळ उत्पन्न चालू व्यवहारांत मोडतं, आणि आठव्या कलमाची बंधनं स्वीकारलेल्या देशाला त्यांवर निधीच्या संमतीशिवाय निर्बंध घालता येत नाहीत. भांडवलाच्या ये-जा वर मात्र देश नियंत्रण ठेवू शकतो. मलेशियाने सप्टेंबर 1998 मध्ये नेमकं हेच केलं. रिंगिट हे आपलं चलन डॉलरला 3.80 वर बांधलं आणि शेअर बाजारातली परकी गुंतवणूक वर्षभर बाहेर नेऊ दिली नाही, पण कारखाने चालवणाऱ्या परदेशी कंपन्यांचा नफा आणि लाभांश मोकळा ठेवला.

एक लक्षात ठेवा. हे बंधन देश आणि नाणेनिधी यांच्यातलं आहे. ते दाखवून कंपनीला स्वतः दावा लावता येत नाही.

गुंतवणूक कराराला हमीपत्र समजणं

आपलं चलन नियंत्रित करण्याचा हक्क राज्याला आहे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाने 1929 मध्येच सर्वमान्य म्हणून नोंदवलं. नफा नेण्याचा कंपनीचा हक्क त्यानंतर येतो, तोही मुख्यतः देशाच्या कायद्यातून किंवा दोन देशांनी एकमेकांच्या गुंतवणूकदारांसाठी केलेल्या द्विपक्षीय करारातून. त्यामुळे करारातलं हस्तांतराचं, म्हणजे पैसे बाहेर नेण्याचं, कलम शब्दन् शब्द वाचा आणि त्यात व्यवहारतोलाच्या (देशात येणाऱ्या आणि देशाबाहेर जाणाऱ्या पैशाच्या तोलाच्या) संकटासाठी अपवाद ठेवला आहे का ते पाहा. कॉन्टिनेंटल कॅज्युअल्टी या अमेरिकी विमा कंपनीने अर्जेंटिनाविरुद्ध दावा केला तेव्हा 2008 च्या निवाड्यात लवादाने तिची हस्तांतराबाबतची तक्रार फेटाळली. स्वतःच्याच अल्पमुदतीच्या ठेवी देशाबाहेर हलवणं हे करारात अभिप्रेत असलेलं हस्तांतर नाही, असं लवादाचं म्हणणं होतं.

अधिकृत दराने नफा मोजणं

समजा, 60 लाख स्थानिक चलनाचा नफा झाला. अधिकृत दर डॉलरला 10, म्हणजे मुख्यालयाला कळवले 6 लाख डॉलर. प्रत्यक्षात डॉलर मिळाले तेव्हा दर 15 होता आणि हाती आले 4 लाख. तोवर मुख्यालयाने 6 लाखांचा खर्च मंजूर केलेला असतो. नायजेरियाने जून 2023 मध्ये वेगवेगळे दर एकत्र केले तेव्हा नायरा हे तिथलं चलन एका दिवसात झपाट्याने घसरलं. पेप्सिको आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांनी 2015 मध्ये व्हेनेझुएलातला व्यवसाय एकत्रित ताळेबंदातून वेगळा काढला आणि अब्जावधी डॉलरचा तोटा नोंदवला. ताळेबंदात अडकलेली रक्कम वेगळी दाखवा, तीही मिळण्याजोग्या दराने.

लाभांशाचा ठराव लांबवणं

नियंत्रणं उठतात तेव्हा बहुधा नव्या नफ्यापासून उठतात. अर्जेंटिनाने एप्रिल 2025 मध्ये लाभांशाला वाट दिली ती 2025 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांच्या नफ्यासाठी. जुन्या नफ्यासाठी मध्यवर्ती बँकेचे बोप्रेअल रोखे घ्यायचा मार्ग ठेवला. म्हणून ठराव वेळेवर करा आणि कोणता नफा कोणत्या वर्षाचा याचा हिशोब वेगळा ठेवा. राखीव निधीची अटही विसरू नका. चीनमध्ये करोत्तर नफ्याचा 10 टक्के भाग आधी बाजूला काढावा लागतो, तो निधी नोंदणीकृत भांडवलाच्या निम्म्यापर्यंत भरेतोवर.

मागच्या दाराने काढणं

बिलं फुगवून किंवा खोटं सल्लाशुल्क दाखवून पैसे काढू नका. खरी रॉयल्टी, खरं व्याज यांचे करार पहिल्या दिवसापासून असतील तर ते कायदेशीर मार्ग आहेत. पैसे अडकल्यानंतर मागची तारीख टाकून केलेला करार कर अधिकारी पहिल्या भेटीत ओळखतात, आणि मग खरा लाभांशही अडकतो.

पैसे अडकलेच असतील तर

अर्ज थांबवू नका. प्रत्येक अर्जावर बँकेची पोच तारखेसह घ्या, कारण पुढे रांग लावली जाते ती त्या तारखेने. अडकलेली रक्कम चालू खात्यात पडू देऊ नका. अल्पमुदतीचे सरकारी रोखे, स्थानिक कच्चा माल किंवा तिथल्याच कर्जाची परतफेड यांत ती वळवा. राजकीय जोखमीचा विमा असेल तर दाव्याची मुदत आजच तपासा. जागतिक बँक समूहातली ‘मिगा’ ही संस्था चलन बदलून न मिळणं आणि पाठवता न येणं यांवर विमा देते, पण चलन घसरल्याचा तोटा त्यात धरत नाही. आणि हा विमा संकट येण्याआधी घेतलेला असावा लागतो.